वैशाखातली वही आणि मी

मित्रांनो, अंगावर घेण्याआधी सांगून ठेवते, मी टोचते. नवी होते तेव्हा फार टोचायची, आता जरा कमी. जुनी घोंगडी आहे मी, हिर्डोशीची. माझा काळा रंग कुणी दिलेला नाही, तो मेंढ्यांचाच आहे. माझ्या अंगाला सात भोकं पडली आणि सातही रफू झाली. ती कशी पडली हे सांगताना मला आजही राग येतो, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या भोकांमुळे गावची शाळा टिकली, असं माझं मत आहे. घोंगडीला तिचं मत कोणी विचारत नाही, ते सोडा.

आधी माझा जन्म सांगते. दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन वरंधा घाटानं कोकणात उतरतात. वाटेत आमचं गाव लागतं. त्या वर्षी त्यांची मेंढरं सखूबाईंच्या भातखाचरात दोन दिवस बसली. मेंढरं बसली की शेताला खत मिळतं. सखूबाईंनी धनगरांना नाचणी दिली आणि धनगरांनी जाताना कातरलेली काळी लोकर दिली. सखूबाईंनी ती सगळी स्वतः कातली. चालता-बोलताना त्यांच्या हातात सूत कातायची चाती फिरत असायची. भोरच्या बाजूला कुंडलिक नावाचे विणकर होते, त्यांनी मला मागावर घातलं. चिंचोक्याची खळ लावून मला कडक केलं आणि उन्हात ताणलं. त्या खळीचा वास माझ्या अंगाला पुढं दोन वर्षं येत होता. खोटं कशाला सांगू, तो मला आवडायचा.

घोंगडी आमच्याकडं मुख्यतः पावसासाठी असते. एक कोपरा आत दुमडला, खोळ केली आणि डोक्यावरून घेतली की माणूस दिवसभर पावसात हिंडतो. पाणी वरून निथळून जातं आणि आत ऊब राहते. मला वाटलं होतं, मी सखूबाईंच्या डोक्यावर बसून भातलावणी बघणार. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं.

गावात शाळा होती, देवळाच्या ओवरीत. एक मास्तर आणि चोवीस मुलं. ही शाळा मागून घ्यायला सखूबाई गावकऱ्यांबरोबर तीनदा भोरला चालत गेल्या होत्या. स्वतः त्यांना अक्षर येत नव्हतं. पण त्यांची नात रतन तेव्हा सहा वर्षांची होती आणि सखूबाईंनी मनाशी धरलं होतं की या पोरीला वाचता आलं पाहिजे. आता अडचण ऐका. दिवाळीला मास्तर यायचे आणि आषाढात पळून जायचे. हिर्डोशीचा पाऊस म्हणजे दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ डब्यात पाझरतं. तीन वर्षांत तीन मास्तर गेले. रतन तीनदा 'ग म भ न' शिकली आणि तीनदा तिथंच अडकली. शेवटी वरून कागद आला की यंदाच्या पावसाळ्यात शाळा बंद राहिली, तर पुन्हा मास्तर मिळणार नाही.

एकोणीसशे तेहेतीस सालच्या मार्गशीर्षात चौथे मास्तर आले. त्यांचं नाव आनंदराव. एक पत्र्याची पेटी, एक छत्री, डोळ्यांवर चष्मा आणि अंगात नावालाही मांस नाही. ते सखूबाईंच्या पडवीत उतरले आणि स्वतःचा भात स्वतः शिजवायला बसले. सखूबाईंनी त्यांच्याकडं दारातून बघितलं आणि मुलाला, ज्ञानूला, म्हणाल्या, "ह्यो तर वाऱ्यानं उडंल रं."

मग त्या मला घेऊन पुढं आल्या.

"मास्तर, ही घोंगडी ठिवा. नवी हाय. पावसाळ्यात लागंल. हितला पाऊस लई वंगाळ."

आनंदरावांनी मला दोन्ही हातांत घेतलं, उलटून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "सखूबाई, फार उत्तम दिलंत. लोकर सोवळ्यात चालते. आसनाला याहून चांगलं काही नाही."

अहो, दिली होती अंगावर घ्यायला, त्यांनी घातली अंगाखाली. शहरचा माणूस, बामणाचा, त्याची रीत वेगळी असेल, असं सखूबाईंना वाटलं असावं.

मित्रांनो, मास्तरांना लहानपणापासून दमा होता. भोरला असताना नदीकाठी एक म्हातारे बुवा येऊन राहिले होते. त्यांनी मास्तरांना योगासनं आणि प्राणायाम शिकवला आणि ते आले तसे उत्तरेकडं निघून गेले. मास्तरांनी सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेतलं होतं. ती वही मला पाठ आहे, कारण ते रोज ती माझ्या कोपऱ्यावर उघडून ठेवायचे. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ. उघड्या हवेत आसन. बारा सूर्यनमस्कार. पुढं वाकण्याची पाच आसनं. मग बारा वेळा शीतली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'खंड नाही, बदल नाही.' दोन वर्षं मास्तरांनी एक दिवस चुकवला नव्हता. भोरच्या पावसातही ते निभावलं होतं.

शीतली म्हणजे जिभेची नळी करायची आणि तिच्यातून हवा आत ओढायची. घसा गार पडतो, अंगात थंडावा येतो. आता पौषात हिर्डोशीच्या अंगणात, दवानं ओल्या जमिनीवर, पहाटे थंडावा आत घेणारा हा माणूस बघून कोंबडीसुद्धा मान वाकडी करायची. शीतली झाली की त्यांना ठसका लागायचा. मग ऊन वर यायचं, ते पाठ उन्हाकडं करून बसायचे आणि ठसका जायचा. त्यांना वाटायचं, शीतलीनं गेला. मला माहीत होतं, उन्हानं गेला. पण मला विचारतो कोण?

तरीही ते दिवस मला फार प्रिय आहेत. मी टोचायची आणि ते हूं की चूं न करता बसायचे. नमस्कार घालताना त्यांचा घाम माझ्यावर पडायचा. श्वास आत, श्वास बाहेर, मला तो हळूहळू पाठ झाला. माझ्यावर बसलेल्या माणसाचा श्वास मला अंगभर कळतो. शाळेतली मुलंही उन्हात रांगेनं नमस्कार घालू लागली. रतन सगळ्यांत शेवटी उठायची, कारण तिला साष्टांग पडल्यावर तिथंच पडून राहायला आवडायचं. मास्तर रागवायचे नाहीत. 'उठा रतनबाई, तुमची गाडी चुकली' एवढंच म्हणायचे. रतन 'ग म भ न' ओलांडून पुढं गेली, बाराखडीला लागली.

चैत्र-वैशाखात मास्तरांना जरा मांस चढलं. तेव्हा वहीचं आणि त्यांचं खरंच जमलं. थंड पाणी बरं वाटायचं, शीतलीनं ठसका लागायचा नाही. फक्त माझ्यावर बसून त्यांच्या मांड्यांना घामोळं आलं. सखूबाई एकदा म्हणाल्या, "मास्तर, उन्हाळ्यात घोंगडी खाली नगं. वलणीवर टाका. शेणानं सारवलेल्या भुईवर बसा, गार हाय."

"आसन बदलता येत नाही, सखूबाई. नियम आहे."

"घामोळं आलं तरी?"

"तरी."

सखूबाई हसल्या आणि खाचराकडं निघून गेल्या. तिकडं ज्ञानू भातरोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजत होता, त्याचा धूर डोंगरावर चढत होता.

ज्येष्ठात पाऊस लागला आणि माझ्या नशिबाची पेटी उघडली. अगदी खरीखुरी पेटी. ओल लागली की मला मेंढरांचा वास येतो, हे मी मान्य करते. मास्तरांना ते आसनासाठी बरं वाटेना. शिवाय मी भिजून खराब होईन, असं त्यांना वाटलं. त्यांनी मला नीट चौघडी घातली, कापूर ठेवला आणि पेटीत बंद केलं. अगदी प्रेमानं केलं, हे त्यातलं वाईट. स्वतः बोरूच्या चटईवर बसू लागले. छत्री पहिल्याच आठवड्यात वाऱ्यानं उलटी झाली, तिच्या काड्या घाटात गेल्या. मग हा माणूस रोज भिजत शाळेत जायचा. मुलं खोळीखाली आणि इरल्याखाली कोरडी यायची, मास्तर गळत यायचे. आणि मी, पावसासाठीच जन्माला आलेली, पेटीत कोरडी ठणठणीत.

कापराचा वास चार दिवसांत उडाला. मग कसर लागली. कसर हा एवढासा किडा, पण घडीतली लोकर त्याला फार आवडते. झटकली, उन्हाला टाकली, वापरली की तो पळतो. मला झटकणार कोण? पहिलं भोक पडलं तेव्हा मी फार रडले. म्हणजे घोंगडी रडते तेवढी.

पेटीतून मला दिसत नव्हतं, पण पडवीतलं सगळं ऐकू यायचं, बाकीचं मागाहून कळलं. एक दिवस लावणीहून आलेल्या सखूबाई ओट्यावर पोतं गुंडाळून त्यावर पाठ टेकून उताण्या पडल्या होत्या. मास्तर म्हणाले, "सखूबाई, पुढं वाकून पायाचे अंगठे धरा. कंबर सुटेल."

"दिसभर वाकूनच हाय की म्या, मास्तर. चिखलात. आता वाईच मागं होऊ द्या."

"वहीत तसं नाही."

"वही कवा लावणीला आली हुती?" सखूबाई म्हणाल्या आणि तशाच पडून राहिल्या.

मास्तरांचा श्वास मात्र बदलत चालला होता. आधी शेवटी एक बारीक शीळ ऐकू यायची. मग मधेही येऊ लागली. वहीत होतं उघड्या हवेत, म्हणून ते ओट्याच्या कडेला बसायचे, पावसाचे तुषार अंगावर घेत. थंड पाण्याची अंघोळ चालूच होती. शीतलीचे बारा आकडे मी पेटीतून मोजायची आणि दर आकड्याला वाटायचं, आता पुरे करा. श्वास आत जाईना असं नव्हतं, तो बाहेर येईना. आषाढात सलग अकराव्या दिवशी पाऊस पडत होता त्या सकाळी मी नऊपर्यंत मोजलं. दहावा आकडा आलाच नाही. काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाटी घेऊन निघालेली रतन ओरडली, "आजे, मास्तर पडलं."

सखूबाई इरलं टाकून धावत आल्या. त्यांनी मास्तरांना बखोटीला धरून आत आणलं. चूल सारून निखारे शेगडीत काढले, म्हणजे धूर नको आणि ऊब हवी. मग म्हणाल्या, "घोंगडी कुठं हाय?"

मास्तरांनी बोटानं पेटी दाखवली. बोलता येत नव्हतं त्यांना.

सखूबाईंनी पेटी उघडली आणि मला उचलून उजेडात धरलं. सात भोकांतून पलीकडचा पाऊस दिसला. ती लोकर त्यांच्या हातानं कातलेली होती, मित्रांनो. त्यांनी मला झटकलं आणि मास्तरांना पांघरायला आणलं. मास्तरांनी हात आडवा केला. कसंबसं म्हणाले, "ती... सोवळ्यातली..."

"आदी जीव ऱ्हाऊ द्या. सोवळं मागनं बघू."

आणि जन्माला आल्यावर पहिल्यांदा मी कोणाच्या तरी अंगावर गेले. किती गार पडला होता तो माणूस. मी जमेल तेवढी ऊब दिली आणि त्या दिवशी टोचायचं नाही असं ठरवलं. सखूबाईंनी आल्या-ओव्याचं गरम पाणी घोट-घोट पाजलं, पाठीला पोतं लावून ताठ बसवलं. दुपारी भाकरी थापायच्या वेळेला मास्तरांचा श्वास जागेवर आला.

पहिली गोष्ट त्यांनी काय मागितली असेल? दौत आणि टाक. पेटीवर कागद ठेवून ते लिहू लागले. रतन दाराशी उभी होती. तिला आता अक्षरं लावता येत होती. तिनं हळूहळू वाचलं, "रा, जी, ना, मा." आणि आजीकडं बघितलं, "आजे, राजीनामा म्हंजी काय?"

सखूबाई परातीपासून उठल्या, हाताला पीठ तसंच.

"तुमी चौथं, मास्तर," त्या म्हणाल्या. "तीन गेलं तवा म्या काय बोलले न्हाई. आता बोलनार."

"सखूबाई, मी पळून जात नाहीये हो. माझा एक दिवस चुकलेला नाही. नियमात कसूर नाही. तरी दमा उलटला. म्हणजे इथली हवाच मला सोसत नाही. मी काय करू?"

"माझी घोंगडी खाऊन टाकलीत तुमी."

"कसरीनं खाल्ली."

"पेटीत घातली कुनी? म्या पावसासाठी दिली हुती."

"खराब होईल म्हणून जपून ठेवली."

"घोंगडी पावसात खराब हुत न्हाई, मास्तर. पेटीत हुती." त्यांनी पिठाच्या बोटानं वहीकडं दाखवलं. "वाचा बरं तो नियम तुमचा. काय लिवलंय त्यात एवढं?"

मास्तरांनी निळी वही उघडली आणि थांबत थांबत वाचलं. थंड पाणी. उघडी हवा. पुढं वाकणं. सखूबाई ऐकत राहिल्या. शीतलीशी त्यांनी थांबवलं. "म्हंजी काय करायचं?" मास्तरांनी जिभेची नळी करून दाखवली.

"ह्या गारठ्यात तुमी आनि गारवा आत वढता व्हय?"

मास्तरांनी जीभ आत घेतली.

"ही वही लिवली कवा?"

मास्तरांनी पहिलं पान काढलं. तारीख होती, पण तिच्याकडं त्यांनी आजवर लक्ष दिलेलं नव्हतं. "वैशाख शुद्ध तृतीया."

"आन बुवा गेलं कवा?"

"एकवीस दिवस होते."

"म्हंजी वैशाखातच सपलं."

"हो."

"मंग ही वैशाखाची वही हाय, मास्तर. आखाडाची तुमाला कुनी दिलीच न्हाई." सखूबाई शेगडीपाशी बसल्या. "आमी वैशाखात राब भाजतो. आता जाऊन भाजला तर पेटंल का? रोप लावायचं त्ये आत्ता. शेत त्येच, मान्सं तीच, काम दुसरं."

मग मास्तर हसू लागले. हसता हसता खोकू लागले आणि खोकता खोकता पुन्हा हसले. चष्मा काढून त्यांनी माझ्याच कोपऱ्यानं डोळे पुसले. कागद मात्र फाडला नाही. घडी घालून वहीत ठेवला आणि म्हणाले, "आठ दिवस बघतो."

आठ दिवस. त्या आठ दिवसांवर शाळा टांगलेली होती आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोन वर्षांत पहिल्यांदा ऊन पाण्यानं अंघोळ केली. काहीतरी गुन्हा केल्यासारखा चेहरा होता त्यांचा. ओट्यावर बसले नाहीत, आत शेगडीपाशी बसले. मी निम्मी खाली आणि निम्मी खांद्यावर. शीतली बंद. नमस्कार बाराचे पाच केले आणि तेही सावकाश. पुढं वाकायच्या आसनांऐवजी मला गुंडाळून पाठीखाली घेतलं आणि सखूबाई पडतात तसे उताणे पडले, छाती उघडून. हे आसन वहीत नव्हतं.

आणि फुंकणी. मास्तरांचा श्वास बाहेर येत नव्हता ना? एका सकाळी ते बघत बसले, सखूबाई चूल कशी फुंकतात ते. ओली लाकडं, जोरात फुंकलं तर राख उडते. सखूबाई ओठाला फुंकणी लावून बारीक, लांबच लांब फुंकर घालायच्या, शेवटपर्यंत. मास्तर तसा श्वास सोडू लागले. आधी चार आकडे, मग सहा, मग दहा. ज्ञानू म्हणाला, "मास्तर, येवढं फुंकताय तर चुलीम्होरंच बसा, आईचं काम हलकं हुईल."

सरळ चाललं असं मात्र समजू नका. चौथ्या दिवशी पुन्हा शीळ आली, सकाळभर शाळा भरली नाही. मास्तरांनी वहीतला कागद काढून उलगडला. मी त्यांच्या खांद्यावरच होते. तेवढ्यात रतन खोळ पांघरून आली. तिच्या पाटीवर पाणी पडून अक्षरं पुसली होती. "मास्तर, बाराखडी ग्येली वाहून," ती म्हणाली. "परत घालून द्या." पाटी ओली, त्यावर पेन्सिल उठेना. दुसरा कागद जवळ नव्हता. मास्तरांनी राजीनामा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिला बाराखडी घालून दिली. रतननं तो कागद चोळीत खुपसला आणि घरी गेली. झालं, राजीनामा गेला.

त्या दुपारी मास्तर माझी खोळ करून शाळेत गेले. चष्म्यावर थेंब नाही, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, बाकी कोरडे. मुलं त्यांना बघून इतकी हसली की वर्ग थांबवावा लागला. मेंढरांचा वास येत होता मला, भरपूर. त्यांनी नाक मुरडलं नाही. सखूबाईंनी काळ्या सुतानं माझी सातही भोकं रफू केली आणि रफू करताना कसरीला ज्या शिव्या दिल्या त्या इथं सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

श्रावणात उन्हाची तिरीप आली की मास्तर ओट्यावर यायचे, ती गेली की आत. भाद्रपदाच्या शेवटी शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले, गुडघाभर चिखल तुडवत. त्यांना वाटलं होतं, कुलूप दिसेल. ओवरीत सत्तावीस मुलं होती. रतननं पुस्तकाचं एक अख्खं पान वाचून दाखवलं, बोट न ठेवता. सखूबाई देवळाच्या खांबाआड उभ्या होत्या. साहेब गेल्यावर त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि कामाला गेल्या.

मास्तर हिर्डोशीत नऊ वर्षं राहिले. दर महिन्याला त्या महिन्याचं पान ते त्याच महिन्यात वहीत लिहायचे. पौषात सकाळी उशिरा, ऊन अंगणात आल्यावर, मी दुहेरी अंगाखाली, नमस्कार झपझप आणि जास्त. वैशाखात मी वलणीवर, मास्तर सारवलेल्या भुईवर, पहाटे थोडंच आणि मग बुवांची शीतली, कारण बुवांचं वैशाखात काही चुकलं नव्हतं. लावणीच्या दिवसांत बायकांनी पुढं वाकायचं नाही, मागं व्हायचं. कापणीच्या दिवसांत कुणीच काही करायचं नाही, निजायचं. हे शेवटचं ऐकून ज्ञानू फार खूश झाला होता.

बेचाळीस साली त्यांची बदली भोरला झाली. निघताना त्यांनी मला झटकून, उन्हाला दाखवून सखूबाईंच्या हातात दिलं. वही रतनला दिली.

"वही तुमास्नी लागंल की," सखूबाई म्हणाल्या.

"भोरचा आषाढ वेगळा, सखूबाई. तिथली वही तिथं लिहीन."

पुढच्या वर्षी रतनचं लग्न झालं आणि नव्या नवरीच्या रीतीप्रमाणं ती आषाढाला माहेरी आली. सखूबाई आता थकल्या होत्या. गुडघे आखडले होते, लावणीला जाता येत नव्हतं, त्याचा राग त्या सगळ्यांवर काढायच्या. श्वासही लागायचा. एका पावसाळी दुपारी रतननं शेगडी पेटवली, मला त्यांच्या पाठीखाली घातलं आणि निळी वही काढली.

"आजे, महिना कंचा?"

"आखाड. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

रतननं पान काढलं. तिनं ते आधी वाचलं नव्हतं. वाचू लागली. "आषाढ. हे पान सखूबाईंनी सांगितले. मी फक्त लिहून घेतले. आखाडातल्या माझ्या गुरू त्या."

सखूबाईंची पाठ माझ्यावर होती, म्हणून मला कळलं, त्यांनी श्वास धरून ठेवला होता.

"परत वाच."

रतननं परत वाचलं.

"म्या कुठं काय सांगितलं?" सखूबाई हळूच म्हणाल्या. "म्या तर भांडले हुते."

मग त्यांनी तो धरलेला श्वास सोडला, फुंकणीतून सोडावा तसा, बारीक आणि लांब, शेवटपर्यंत. आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

श्रावण लागला आणि रतन सासरी निघाली तेव्हा सखूबाईंनी मला तिच्या खांद्यावर टाकलं. "घिऊन जा. पन पेटीत घालू नगंस."

मित्रांनो, त्यानंतर मी रतनकडं आहे, वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याशी. इथला पाऊस हिर्डोशीपेक्षा वेगळा आहे आणि रतननं वहीच्या मागं नवी पानं चिकटवली आहेत. माझं तुमच्याकडं मागणं एवढंच आहे की मला जपायचं म्हणून कपाटात ठेवू नका. तुमच्या घरात कुणी चांगली गोष्ट शिकवून गेलं असेल, तर तीही चौघडी घालून ठेवू नका. घडी मोडा, झटका. आज महिना कुठला आहे ते बघा आणि मग मला अंगाखाली घ्या, नाहीतर अंगावर. थोडी टोचेन, तेवढं चालवून घ्या.